धूसर नव्हे, धुरावलेलं

प्रश्न असा आला आहे: ‘मोनालिसा’वरच्या एका मराठी मजकुरात लिओनार्दो दा विंचीच्या ‘स्फुमातो’ तंत्राला, म्हणजे रेघ न मारता छाया-उजेड एकमेकांत विरवण्याच्या पद्धतीला, ‘धूसर चित्रण’ म्हटलं आहे. हा प्रतिशब्द बरोबर आहे का? आणि मराठीत तो स्फुमातो, ती की ते?

बरोबर नाही. हा ‘धूसर’ मी इतक्या ठिकाणी वाचला आहे की आता ‘मोनालिसा’ हा शब्द दिसला तरी कपाळावर आठी येते. ‘लिओनार्दोने चेहरा धूसर रंगवला’ असं वाचल्यावर वाचकाला काय वाटेल? बिचाऱ्याला चष्म्याची गरज होती, एवढंच.

धूसर म्हणजे करडा, अंधुक, अस्पष्ट वगैरे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, ते इथे उतरवत बसत नाही. मुद्दा असा की ‘धूसर’ हा धुळीच्या घरचा शब्द आहे. वाट तुडवून आलेला माणूस ‘धूलिधूसरित’ होतो. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘धूसर’ किंचित पांढुरक्या रंगांत बसतो आणि ‘धूम्र’ काळपट-तांबूस रंगांत. धूळ निराळी आणि धूर निराळा, हे त्या काळी पक्कं ठाऊक होतं. कोणी म्हणेल, दोघंही शेवटी ‘हलवणे, झटकणे’ या अर्थाच्या ‘धू’ धातूपाशीच जातात. जाऊ देत की! भाऊबंद असले म्हणून एकाच्या नावाचं पत्र दुसऱ्याच्या घरी टाकायचं नसतं.

आता ‘स्फुमातो’. यातला ‘फूमो’ म्हणजे इटालियन धूर, लॅटिन ‘फूमुस’. आणि हा ‘फूमुस’ कोण? आपला ‘धूम’! अगदी सख्खा चुलतभाऊ. संस्कृत आणि लॅटिन ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या तिच्यातला ‘ध’ लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘फ’ होतो, हा नियमच आहे. आपल्या ‘विधान’, ‘निधी’ यांतला ‘धा’ लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे ‘करणे’ होतो, आणि तिथूनच पुढे ‘फॅक्टरी’ निघते. ग्रीकमध्ये याच धूमाचा ‘थुमोस’ झाला, पण तिथे त्याचा अर्थ झाला मनातला आवेग, राग. आपणही डोक्यातून धूर निघाला म्हणतोच की. आणि ‘परफ्यूम’? ‘पेर फूमुम’, धुराच्या वाटेने आलेला वास. म्हणजे आपला ‘धूप’ आणि बाटलीतला परफ्यूम एकाच गोत्रातले. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. कोणाला फारसा आनंद झाला नाही.

इथे एका जातीच्या विद्वानांना उत्तर देणं भाग आहे. ‘स्फुमातो’तला ‘स्फ’ बघून ही मंडळी त्याला ‘स्फुट’, ‘स्फुरण’ यांच्याशी जोडतात, आणि मग सगळं जग संस्कृतातून निघालं अशी एकदाची झोप लागते त्यांना. त्यातला ‘स’ मुळात शब्दाचा भागच नाही. तो पुढे जोडलेला उपसर्ग आहे, लॅटिन ‘एक्स’चा झिजलेला अवतार, म्हणजे ‘बाहेर, निघून’. धूर होऊन विरत जाणं, ते ‘स्फुमारे’. आणि ‘धूम’मधून ‘फूमुस’ निघालेला नाही. दोघांचे आजोबा एक आहेत, एवढंच.

(मराठी ‘धूर’मधला ‘र’ हा ‘धूम्र’चा उरलेला ‘र’ आहे असं माझं मत आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी सोडणार नाही.)

धूर कसा असतो ते जरा जवळून बघा. मेणबत्ती फुंकरीने विझवा. वातीपाशी धुराची बारीक, स्वच्छ रेघ असते. वीतभर वर ती डुलायला लागते, मग तिच्या कडा सुटतात, आणि धूर संपून हवा कुठे सुरू झाली तिथे बोट ठेवता येत नाही. लिओनार्दोने नेमकं हेच सांगितलं आहे: छाया आणि उजेड एकमेकांत रेघा-खुणा न दिसता मिसळावेत, धुरासारखे. आता ‘मोनालिसा’च्या ओठांचा कोपरा बघा. ओठ संपून गाल सुरू होतो तिथे रेघ नाहीच, नुसती सावली गालात शिरते. म्हणून ती हसते आहे की नाही यावर पाचशे वर्षं वाद चालू आहे. बाहेरच्या कडेची एक रेघ मारली असती तर वाद तिथेच मिटला असता.

हे साधलं ते तैलरंगामुळे. लिओनार्दोच्याच काळातल्या बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र टेंपेरात आहे. अंड्यात कालवलेला तो रंग चटकन वाळतो, म्हणून त्यात कडा कोरीव येतात आणि छटा बारीक रेघांनी भरावी लागते. तैलरंग सावकाश वाळतो, त्याचे पातळ पारदर्शक थर एकावर एक देता येतात. २०१० मध्ये लूव्र संग्रहालयातल्या लिओनार्दोच्या सात चित्रांतले चेहरे क्ष-किरणांनी तपासले गेले. एकेक थर एक-दोन मायक्रोमीटरपर्यंत (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ निघाला, आणि सगळ्या थरांची मिळून जाडी जेमतेम चाळीस मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे केसाच्या जाडीहून कमी जागेत अख्खी सावली! याला ‘अस्पष्ट’ म्हणणाऱ्यांना काय म्हणावं? आणि ‘मोनालिसा’वर आज जो पिवळट मळभ दिसतो तो बराचसा जुन्या व्हार्निशचा आहे. धूसर म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

मग प्रतिशब्द कोणता? ‘धुरकट’ कुळाने बरोबर, पण त्याचं ‘-कट’ आड येतं. मळकट, तेलकट, कळकट, मातकट: या रांगेत उभं राहिलं की कौतुकाचीही तक्रार होते. शिवाय ‘स्फुमातो’ हे क्रियापदाचं भूतकाळवाचक धातुसाधित आहे. रंगाचा अंगचा गुण नव्हे तो, कोणीतरी मुद्दाम केलेली कृती आहे. म्हणून माझी शिफारस ‘धुरावलेलं’. डोळे पाणावतात, चाल मंदावते, तशी कड धुरावते. खुशाल हसा, पण ‘ओठांची कड धुरावली आहे’ हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आणखी एक. अंधारं चित्र दिसलं की त्याला स्फुमातो म्हणून मोकळं व्हायचं, हाही रोग पसरला आहे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत मॅथ्यूला हाक’ (१५९९-१६००) बघा. उजेडाचा पट्टा खोलीत तिरका घुसतो आणि अंधाराच्या कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या राहतात. धुराचं नाव नको. या पद्धतीला ‘तेनेब्रोसो’ म्हणतात, लॅटिन ‘तेनेब्रे’, म्हणजे अंधार, यावरून. आणि ‘तेनेब्रे’ कोणाची चुलतबहीण? आपल्या ‘तमिस्रा’ची, म्हणजे अंधाऱ्या रात्रीची! या शब्दावर मी तासभर बोलू शकतो, पण प्रश्न तो नव्हता.

प्रश्न लिंगाचाही होता, नाही का. फोटो, रेडिओ, पियानो, असे बहुतेक ओकारान्त पाहुणे मराठीत पुल्लिंगीच नांदतात. तो स्फुमातो.