कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या स्टॅकमध्ये (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या चित्रांच्या चळतीत) पेशींची केंद्रकं चपटी दिसतात. घनफळ मोजण्याआधी फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये झेड (खोलीची दिशा) पाचपट करून घेऊ का?

घनफळासाठी नको. आधी मापं तपासा.

तुम्ही दिलेले आकडे असे: १०२४ × १०२४ पिक्सेल, ४० स्लाइस (चळतीतली एकेक चित्रं), पिक्सेल ०.२ मायक्रॉनचा आणि दोन स्लाइसमधलं अंतर १ मायक्रॉन. म्हणजे १० मायक्रॉनचं गोल केंद्रक आडवं ५० पिक्सेल व्यापतं आणि उभं जेमतेम १० स्लाइसमध्ये संपतं. सॉफ्टवेअरला खरी मापं माहीत नसतील, तर ते प्रत्येक व्हॉक्सेल (त्रिमितीय पिक्सेल) सारख्या बाजूंचा धरतं आणि केंद्रकाची भाकरी होते.

'इमेज' मेनूतलं 'प्रॉपर्टीज' उघडा. व्हॉक्सेल डेप्थ १ दिसली म्हणून लगेच खिडकी बंद करू नका, एकक बघा. टिफमध्ये एक्स्पोर्ट करताना मापं अनेकदा गळून पडतात आणि तिथे '१ पिक्सेल' उरतं. एकक मायक्रॉन करा, रुंदी-उंची ०.२ आणि डेप्थ १ भरा.

आता एका व्हॉक्सेलचं घनफळ ०.२ × ०.२ × १ म्हणजे ०.०४ घनमायक्रॉन. केंद्रकाच्या मास्कमध्ये (केंद्रक म्हणून निवडलेल्या भागात) १३,००० व्हॉक्सेल आले, तर घनफळ ५२० घनमायक्रॉन. झालं काम. मूळ डेटावरच मोजा, तेच सगळ्यात प्रामाणिक.

पृष्ठफळ, गोलाई किंवा त्रिमितीय फिल्टर यांसाठी मात्र तिन्ही बाजू सारख्या असलेल्या बऱ्या. 'इमेज'मधल्या 'स्केल'मध्ये झेड ५ द्या, इंटरपोलेशन (मधल्या किमती भरण्याची पद्धत) बायलिनियर ठेवा. ४० च्या २०० स्लाइस होतील आणि १६ बिटचा ८० एमबीचा स्टॅक ४०० एमबीवर जाईल. पण वाढलेल्या स्लाइसमध्ये नवी माहिती काहीच नसते, शेजारच्या स्लाइसवरून काढलेला तो अंदाज असतो. नंतर 'प्रॉपर्टीज'मध्ये डेप्थ ०.२ झाली ना, तेही बघा. नुसती चाचणी घ्यायची असेल तर उलट करा: एक्स-वाय ०.२ पट, 'ॲव्हरेज व्हेन डाउनसायझिंग' चालू. संगणकही दमणार नाही.

प्रत्येक केंद्रकाला क्रमांक दिलेला मास्क स्केल करताना मात्र इंटरपोलेशन 'नन'च हवं. नाहीतर २ आणि ४ क्रमांकाच्या केंद्रकांच्या सीमेवर ३ क्रमांकाचं भलतंच केंद्रक उगवतं.

हे सगळं करूनही चपटेपणा राहिला, तर दोन शक्यता. डिशला चिकटून वाढणाऱ्या पेशींची केंद्रकं मुळातच चपटी असतात. किंवा लेन्स कोरडी (लेन्ससमोर तेल-पाणी नाही, नुसती हवा) आणि नमुना पाण्यात, असं असेल. तेव्हा स्टेज १ मायक्रॉन सरकली तरी फोकस त्याहून जास्त, साधारण १.३ मायक्रॉन किंवा अधिक सरकतो. ठाऊक व्यासाचे फ्लुओरेसेंट मणी त्याच माध्यमात, नमुन्याइतक्याच खोलीवर स्कॅन करा, त्यांची उंची-रुंदी ताडून पाहा आणि निघेल ती डेप्थ 'प्रॉपर्टीज'मध्ये भरा. हे न करता नुसतं स्केल केलंत, तर चूक तशीच राहील आणि घनफळ कमीच येईल.