कानाझावाचे गोल संग्रहालय

प्रश्न : आम्ही जपानला जाणार आहोत. कानाझावाच्या समकालीन कला संग्रहालयात तिकीट काढावेच लागते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सर्वत्र नाही. काझुयो सेजिमा आणि ऱ्यूए निशिझावा यांनी आखलेल्या, २००४ मध्ये खुल्या झालेल्या या गोल, काचेच्या इमारतीचा बाहेरचा पट्टा विनामूल्य आहे. आतील प्रदर्शनांना मात्र तिकीट लागते. कलाकार लिआंद्रो एर्लिच यांच्या ‘जलतरण तलाव’ या कलाकृतीत वरून पाहता कपड्यांनिशी वावरणारी माणसे दिसतात, कारण काचेवर पाणी जेमतेम १० सेंटिमीटर असून खालची निळी खोली कोरडी असते. तिथे उतरल्याशिवाय परतू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते, त्यामुळे दाबोळी किंवा मोपाहून विमानाचे आरक्षण करतानाच वार पाहावा.