समीक्षकाचा प्रश्न आणि आपले वाचन

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

एखाद्या कादंबरीवरची समीक्षा वाचली की आपले आधीचे वाचन पुसले जाते आणि आपल्याला जे वाटले होते ते खरोखर आपलेच होते का, असा संशय येऊ लागतो, असे तू लिहिले आहेस. समीक्षा वाचणेच थांबवावे का, असेही विचारले आहेस. थांबवू नकोस. मात्र समीक्षक आपल्या वाचनात नेमका कोठे शिरतो हे तुला स्पष्ट दिसले पाहिजे.

समीक्षकाचे काम निकाल देण्याचे आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. हे पुस्तक श्रेष्ठ, ते सामान्य, असे त्याने सांगायचे आणि आपण ते मान्य किंवा अमान्य करायचे. माझ्या मते समीक्षकाचा खरा प्रभाव निकालात नसतो, तो त्याने रुजवलेल्या प्रश्नात असतो. निकाल जुने होतात, पण पुस्तक उघडताना त्याला काय विचारायचे याची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि ती कोणी लावली हे बहुतेक वाचकांना ठाऊकही नसते.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तोपर्यंत काव्यविचाराचा भर मुख्यतः अलंकार, गुण आणि रीती यांवर होता. शब्दांच्या वाच्य अर्थापलीकडे काव्य काय सुचवते, हा प्रश्न त्याने मध्यभागी आणला आणि तोच घेऊन तो महाभारताकडे वळला. एवढ्या प्रचंड युद्धाची कथा सांगणाऱ्या ग्रंथाचा प्रधान रस वीर नसून शांत आहे, असे त्याने मांडले, कारण यादवांचा विनाश आणि विजयी पांडवांचाही उदास शेवट यांतून वैराग्यच सूचित होते, असे त्याचे म्हणणे होते. महाभारताचा एकही श्लोक त्याने बदलला नाही. तरी त्याचे म्हणणे ऐकल्यावर शेवटच्या पर्वांचे वजन वाढते आणि रणांगणावरचा जयघोष पुढे काय होणार आहे याच्या जाणिवेसह ऐकू येतो.

प्रश्न बदलला की दोषाचा गुणही होतो. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७७९ साली अब्राहम काउली या कवीच्या चरित्रात सतराव्या शतकातल्या जॉन डन आदी इंग्रज कवींवर असा आक्षेप घेतला की, एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या कल्पना हे कवी बळजबरीने एकत्र जुंपतात. १९२१ साली टी. एस. एलियट यांनी त्याच कवींवर लिहिताना जॉन्सन यांचे निरीक्षण नाकारले नाही. विखुरलेले अनुभव एकत्र आणणे हेच तर कवीच्या मनाचे काम आहे, असे त्यांनी म्हटले. तत्पूर्वी ग्रिअर्सन यांनी डनच्या कवितांची साक्षेपी आवृत्ती काढली होती, त्यामुळे जमीन तयार होती. पुढच्या काही दशकांत डन वर्गावर्गांतून शिकवला जाऊ लागला. कविता त्याच होत्या, आणि दोघांना त्यांत दिसलेले वैशिष्ट्यही एकच होते.

शार्लट ब्राँटी यांची ‘जेन एअर’ ही १८४७ सालची कादंबरी तू वाचली आहेस, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. घराच्या वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेली जेनचे ज्याच्यावर प्रेम आहे त्या रॉचेस्टरची वेडी पत्नी बर्था ही कित्येक वाचकांच्या लेखी जेनच्या सुखातला केवळ अडथळा होती, आणि तिच्या मृत्यूने कथा मार्गी लागते एवढेच तिचे प्रयोजन होते. १९७९ साली सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबार या समीक्षकांनी विचारले की बर्थाच्या वेडातला हा राग नेमका कोणाचा आहे, आणि बर्था हे जेनच्या स्वतःच्या कोंडलेल्या संतापाचे रूप आहे, असे दाखवले. लहानपणी जेनला लाल खोलीत कोंडतात तो प्रसंग आणि वरच्या मजल्यावरची ती बंद खोली एकमेकींशी बोलू लागल्या. मग १९८५ साली गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी या वाचनालाही अडवले. बर्था जमैकाची आहे, वसाहतीतून आलेली आहे. जेनला स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभे राहता यावे म्हणून या दुसऱ्या स्त्रीला आगीत संपावे लागते, आणि तिला केवळ जेनची सावली मानणे म्हणजे तिला पुन्हा एकदा नाहीसे करणे आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. आता मूळ कादंबरीतले बर्थाच्या वर्णनाचे परिच्छेद पुन्हा काढून वाच. ते पूर्वीसारखे सहज वाचता येणार नाहीत. ही हानी आहे असे मला वाटत नाही, कारण ते शब्द तेथे होतेच आणि आपण त्यांच्यावरून पुढे जात होतो. त्या दोन्ही वाचनांपैकी एकाची निवड करण्याची घाई करू नकोस. पहिले नसते तर दुसरे कशाला उत्तर देत होते हेच कळले नसते.

समीक्षेने लावलेली सवय अपुरी पडते तेव्हा काय होते, हे आपल्या मराठीत दलित साहित्याने दाखवले. साहित्यातून आनंद मिळतो आणि तो किती उत्कट आहे यावर कृतीचे मोल ठरते, हे संस्कृत काव्यशास्त्रापासून चालत आलेले गृहीतक आपल्या समीक्षेत इतके मुरले होते की वेदनेची आत्मकथने वाचतानाही लोक आस्वादाचीच भाषा बोलत. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात या निकषालाच आव्हान दिले आणि स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता या मूल्यांच्या आधारे हे साहित्य वाचले पाहिजे, असा आग्रह धरला. त्यांचे सगळे म्हणणे तुला पटो वा न पटो, कोणाच्या तरी दुःखाचा आपण ‘आस्वाद’ घेत आहोत का, हा प्रश्न एकदा ऐकल्यावर टाळता येणार नाही. मला तो आजही अस्वस्थ करतो, आणि तसे व्हावे असेच मला वाटते.

यावर तू म्हणशील की मग समीक्षक नसताना केलेले वाचन तरी शुद्ध असेल. तसेही नाही. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न देता कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली पुस्तकात मांडले. त्यांतल्या अनेकांना कवितेचा साधा अर्थही लागला नव्हता आणि पुष्कळांनी ठरावीक साच्यातल्या भावना कवितेवर लादल्या होत्या. मोकळे मन म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्यातही कोठून तरी ऐकलेली मते साठलेली असतात. फक्त ती कोणाची हे आपण विसरलेलो असतो.

म्हणून माझे सांगणे असे की पुस्तक आधी वाच, प्रस्तावना शेवटी वाच, आणि समीक्षेकडे वळण्यापूर्वी आपले वाचन वहीत लिहून काढ, मग ते कितीही अडखळते असो. लिहिलेले पुसले जात नाही, आणि तुझी तक्रार बरीचशी या न लिहिण्यातून आलेली आहे. नंतर समीक्षकाने उद्‌धृत केलेली प्रत्येक ओळ मूळ पानावर जाऊन पाहा. तिच्या आधी आणि नंतर काय आहे, आणि त्याने कोणते प्रकरण सोयीस्करपणे वगळले आहे, हे तेथेच कळते. चांगल्या समीक्षकानंतर पुस्तकात परत जावेसे वाटते. ज्याच्या लेखनानंतर पुस्तक उघडण्याची गरजच उरली नाही असे वाटेल, त्याच्यापासून सावध राहा, तो कितीही विद्वान असला तरी.

‘जेन एअर’वरचे तुझे जुने टिपण जपून ठेवले असशील, तर त्याखाली आजची तारीख घालून बर्थाविषयी एक पान नव्याने लिही आणि दोन्ही मला पाठव. जुन्या टिपणात दुरुस्ती करू नकोस. मला ती जशीच्या तशी वाचायची आहेत.

तुझा,
शिक्षक