बॉबी कोण आणि आकडा कशाचा

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

आजीने नौपाड्यातल्या दुकानातून आकडे आणायला सांगितले आणि तू गोंधळलीस. बॉबी पिनला आजी आकडा का म्हणते, आणि हा बॉबी तरी कोण, असे तू विचारले आहेस. प्रश्न वाचून मला फार आनंद झाला.

बॉबी नावाचे कोणी यामागे नाही. लंडनच्या पोलिसाला बॉबी म्हणतात ते १८२९ मध्ये ते दल उभारणाऱ्या रॉबर्ट पील यांच्यामुळे. त्याचा पिनेशी संबंध नाही. घोड्याचे शेपूट आखूड कापले की इंग्रजीत त्याला ‘बॉब’ म्हणत, आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत व युरोपात असंख्य बायकांनी मानेपर्यंत केस कापले, तेव्हा त्या केशरचनेचेही नाव तेच होते. असे केस अंबाड्यात मावत नाहीत, सारखे कपाळावर येतात. ते चापून बसवणारी ती बॉबी पिन. हा ‘बॉब’ ठाण्यातही केव्हाच पोचला आहे, कारण आत्याच्या शाळेच्या फोटोतला ‘बॉबकट’ तोच.

आजीचा आकडा मात्र लांब केसांसाठी आहे. मराठीत आकडा म्हणजे अडकवण्यासाठी वाकवलेली वस्तू, आणि केसांचा आकडा म्हणजे मधोमध वाकवलेली, दोन्ही पाय मोकळे असलेली तार. उद्या सकाळी आजी अंबाडा घालेल तेव्हा तिच्या मागे उभी राहून नीट बघ: अंबाड्याच्या कडेचे थोडे केस ती आकड्यात धरते, मग आकडा उलटा वळवून डोक्यालगत आत सरकवते, त्यामुळे केस ताणले जाऊन अंबाडा घट्ट बसतो. बॉबी पिनेचे पाय एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे एवढे दाट केस तिच्यात शिरतच नाहीत.

राहिला गणितातला आकडा. संस्कृतात ‘अंक’ या एकाच शब्दाला बाक, आकडी, मांडी, खूण आणि संख्या असे अर्थ आहेत, त्यामुळे आजीचे आकडे आणि तुझ्या वहीतले आकडे एकमेकांना परके नाहीत.

दुकानात ‘अंबाड्याचे आकडे’ असे म्हणून माग, आणि स्वतःसाठी काळ्या पिना हव्या असतील तर त्या वेगळ्या सांग. त्या लावताना नागमोडी पाय डोक्याच्या बाजूला ठेव, म्हणजे पिन घसरणार नाही.

तुझी,
आई