माल्टाला निघालात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : रोममध्ये पाच रात्री आणि माल्टात चार रात्री असा बेत आहे. माल्टाच्या व्हिसासाठी तारीख लवकर मिळतेय. तिथूनच अर्ज केला तर चालेल का? (पुणे)

उत्तर : नाही. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात जास्त दिवस मुक्काम त्याच देशाकडे करावा लागतो. दिवस सारखे असतील तरच आधी जिथे उतरता तो देश धरतात. तुमचा मुक्काम इटलीत जास्त, म्हणून अर्ज इटलीकडेच. हॉटेलची आरक्षणं अर्जालाच जोडलेली असतात, त्यामुळे दिवसांचा हिशेब अधिकाऱ्याला लगेच दिसतो. तारीख मिळावी म्हणून खोटी आरक्षणं जोडू नका. अर्ज फेटाळला गेला तर त्याची नोंद राहते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ती अधिकाऱ्याला दिसते.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळी सुट्टीसाठी शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण झालेल्या पण १२ न झालेल्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू होणारा हवा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतल्यानंतर ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो.

एक गोष्ट नेहमी निसटते. फ्रँकफर्ट किंवा झुरिकमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, माल्टात नाही. म्हणून हॉटेल, विमा आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी प्रवेश-नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे रांगा लांबतात. पुढच्या विमानासाठी तीन तास तरी हातात असू द्या. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन माल्टातच होतं. आणि सहलीच्या मधेच लंडन किंवा ट्युनिस करून परत यायचं असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरणार नाही. अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.

प्रश्न : अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर! मुक्काम स्लीमाला आहे. गोझो बेट, कोमिनो बेटावरचं ब्लू लगून आणि भूमिगत हायपोजियम एका दिवसात होईल ना? (ठाणे)

उत्तर : होणार नाही. माल्टाच्या बहुतेक सहली याच हिशेबात फसतात. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आहे, पण रस्ते अरुंद, गाड्या अफाट, आणि बस गावागावांतून वळसे घेत जाते. स्लीमाहून गोझोच्या फेरीबोटीसाठी चिर्केव्वा बंदर गाठायचं, तर २२२ क्रमांकाच्या बसला तासभर सहज लागतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पुढे फेरीची २५ मिनिटं, आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा बस. गोझोतल्या बहुतेक बस व्हिक्टोरिया या मुख्य गावातून सुटतात, त्यामुळे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायलाही आधी व्हिक्टोरियाला यावं लागतं. गोझोला एक पूर्ण दिवस द्या. जमलं तर एक रात्र राहा. संध्याकाळी एकदिवसीय सहलींची गर्दी ओसरली की ते बेट फार सुंदर होतं.

फेरीचं तिकीट जाताना लागत नाही, दोन्ही वेळचे पैसे परतताना गोझोच्या इम्जार बंदरावर घेतात. राजधानी वॅलेटाहून थेट इम्जारला जाणारी फास्ट फेरीही आहे, साधारण ४५ मिनिटांची. तिचं तिकीट निराळं आणि ते साध्या फेरीला चालत नाही. दोन्ही वापरणार असाल तर पैसे कुठे भरायचे ते आधी ठरवा. टॅक्सीच्या ॲपमध्ये नुसतं इम्जार घालू नका, कारण मुख्य बेटावरही त्याच नावाचं गाव आहे. रबातचंही तसंच: एक मुख्य बेटावर इम्दीना शहराला लागून, दुसरं म्हणजे गोझोतलं व्हिक्टोरिया, ज्याला तिथले लोक रबातच म्हणतात.

कोमिनोच्या ब्लू लगूनला २०२५ पासून ऑनलाइन नोंदणी लागते. ती मोफत आहे, पण दिवसाच्या ठरावीक सत्रासाठीच मिळते आणि क्यूआर कोड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. बोटीच्या तिकिटात ती धरलेली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. नसेल तर स्वतः करा. तिथे सावली जवळजवळ नाही. सकाळचं पहिलं सत्र घ्या आणि पाणी बरोबर ठेवा.

हायपोजियमचं आरक्षण मात्र विमानाच्या तिकिटाइतकंच आधी करा. पावला गावाच्या घरांखाली खडकात तीन पातळ्यांवर कोरलेलं हे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान. माणसांच्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड भिंतींवरच्या गेरूच्या चित्रांना मारक ठरतो, म्हणून एका गटात फक्त १० माणसांना आत घेतात. उन्हाळ्याची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटो काढता येत नाहीत, उशीर झाला तर गट तुमच्यासाठी थांबत नाही. तिकीट मिळालं तर बाकीचा बेत त्या वेळेभोवती रचा. माल्टातलं दुसरं कुठलंही ठिकाण त्याच्या तोडीचं नाही.

आणि गोझोच्या द्वेयरा किनाऱ्यावरची ती प्रसिद्ध दगडी कमान (अझूर विंडो) यादीतून काढा. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती समुद्रात कोसळली. द्वेयराला मात्र जाच. शेजारचा खाऱ्या पाण्याचा डोह आणि त्यातून बोगद्यामार्गे समुद्रात नेणाऱ्या छोट्या होड्या अजून तिथेच आहेत.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी का? तिथेही डावीकडूनच चालवतात म्हणे. (नाशिक)

उत्तर : हो, डावीकडूनच, आणि त्याचा आपल्याला मोठा फायदा. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. गावात वेगमर्यादा ५० आणि बाहेर ८०, पण जागोजागी त्याहून कमी मर्यादेच्या पाट्या आणि कॅमेरे असतात. चौकातल्या गोल वर्तुळात आधीच शिरलेल्या, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची. आपल्याकडे हा नियम कागदावरच राहतो, तिथे तो खरोखर पाळतात.

त्रास होतो तो गाडी उभी करताना. पांढरे चौकोन सर्वांसाठी, हिरवे रहिवाशांसाठी, निळे काही ठरावीक वेळांत रहिवाशांसाठी, आणि पिवळ्या रेषेवर उभीच करायची नाही. स्लीमा, सेंट ज्युलियन्स आणि वॅलेटात पांढरा चौकोन शोधण्यात अर्धा तास जातो. वॅलेटात शिरणाऱ्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो आणि ठरावीक वेळांत आकार लागतो. भाड्याच्या गाडीवर तो नंतर तुमच्या कार्डातून वळता होऊ शकतो. तेव्हा वॅलेटा आणि स्लीमा परिसरात बस आणि फेरी वापरा, गाडी फक्त गोझोच्या किंवा पश्चिम किनाऱ्याच्या दिवसांपुरती घ्या. गाडीसकट गोझोच्या फेरीवर जाता येतं.

बस थांब्याजवळ आली की हात दाखवा, नाहीतर ती थांबत नाही. भरली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही. उन्हाळ्यात अधल्यामधल्या थांब्यांवर हे रोज घडतं, म्हणून जमेल तिथे बस सुटते त्या ठिकाणाहूनच चढा. एक तिकीट २ तास चालतं, तेवढ्यात बस बदलली तरी नवं काढायला नको. पाटीवरची नावं वाचताना एक्स अक्षराचा उच्चार श करा: मार्साश्लोक, श्लेंडी.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. वॅलेटा झेपेल का? (कोल्हापूर)

उत्तर : झेपेल, शहरात कुठून शिरता ते नीट ठरवलं तर. वॅलेटा एका डोंगरसोंडेवर वसलं आहे. माथ्यावरून जाणारा रिपब्लिक रस्ता आणि त्याला समांतर मर्चंट्स रस्ता चालायला सोपे आहेत, पण दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. स्लीमाची फेरी त्यातल्या एका तळाशी सोडते आणि तिथून वर चढण आहे. त्यांना बसने सिटी गेटला न्या, तिथून चालणं सपाट. बंदरापलीकडच्या ‘थ्री सिटीज’ या तीन जुन्या नगरांकडून फेरीने आलात तर ग्रँड हार्बरच्या बाजूला लिफ्ट आहे. ती ५८ मीटर वर अप्पर बराक्का बागेत पोहोचवते. बागेखालच्या तोफा दुपारी १२ आणि ४ वाजता डागतात, तेव्हा पंधरा मिनिटं आधी बाकावर जागा धरा.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये खांदे झाकलेले हवेत. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, कारण जमीन संगमरवरी समाधिशिळांची आहे. रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असतं. कारावाज्जोचं १६०८ चं भलंमोठं चित्र ज्या दालनासाठी रंगवलं तिथेच आजही आहे, तिथे वेळ काढा. वॅलेटाबाहेर, दक्षिण किनाऱ्यावर, हाजर ईमचं पाषाणमंदिर प्रवेशाजवळच आहे. पुढच्या इम्नायद्रा मंदिरासाठी मात्र अर्धा किलोमीटर उतरून तेवढंच चढून यावं लागतं. आईंनी पहिलं पाहून थांबावं. पाऊस पडून गेल्यावर चुनखडीच्या गुळगुळीत फरशा निसरड्या होतात, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेतच.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. काय खाता येईल, आणि घरून काय नेता येईल? (सांगली)

उत्तर : पास्तिझ्झी, म्हणजे पापुद्र्यांच्या खुसखुशीत पॅटिस, दोन प्रकारच्या असतात, रिकोटा चीजची आणि वाटाण्याची. पण पारीत काही ठिकाणी प्राण्यांची चरबी घालतात, म्हणून आधी विचारा. होब्झ बिझ-झेयत म्हणजे टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव. त्यात बहुतेकदा ट्यूना मासा असतो, तो नको म्हणून आधीच सांगा. बिगिल्ला ही वालासारख्या दाण्यांची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर उत्तम. खजुराचं सारण भरून तळलेले इमारेत जरूर खा. तिंपाना मात्र टाळा, त्या पास्त्यात खिमा असतो.

सामानात तूप, पेढे, बर्फी, पनीर घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आमरसाचा मोह असला तरी हापूसही नाही, आणि ताजा कढीपत्ताही नाही, त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ चालतो. भाकरवडी, चिवडा, मेतकूट, कोरडे मसाले बिनधास्त न्या.

प्रश्न : मुलांना पोहायला कुठला महिना चांगला? जेलीफिशची भीती वाटते. (मुंबई)

उत्तर : सप्टेंबर. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि जुलै-ऑगस्टचा कडाका उतरलेला असतो. मे महिन्यात हवा छान, पण पाणी मुलांना थंड वाटेल.

किनारा वाऱ्याप्रमाणे निवडा. वायव्येचा वारा सर्वांत नेहमीचा. तो असेल तर गोल्डन बे आणि आयन तुफ्फीहा खवळतात, तेव्हा आग्नेयेकडे बिरझेब्बुजाला जा. वारा पूर्वेचा असेल तर उलट करा. जोराच्या वाऱ्यात ब्लू ग्रोटो या समुद्रगुहांच्या होड्या बंद असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. जांभळा बावटा म्हणजे पाण्यात जेलीफिश, लाल म्हणजे उतरायचं नाही. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने किंवा चोळल्याने उरलेल्या पेशी आणखी विष सोडतात. तिथल्या जांभळ्या जेलीफिशला व्हिनेगरही लावू नका. चिकटलेले तंतू जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा, मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ११२.

प्रश्न : प्लग आणि पिण्याचं पाणी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्लग ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचा, ॲडॅप्टर इथूनच न्या. नळाचं पाणी सुरक्षित आहे, पण त्यात समुद्राचं गोडं केलेलं पाणी मोठ्या प्रमाणात असल्याने चव वेगळी लागते, त्यामुळे बहुतेक जण बाटलीबंद घेतात. प्रत्येक बाटलीवर १० सेंट अनामत असते. रिकामी बाटली चेपू नका. झाकणासकट सुपरमार्केटजवळच्या यंत्रात टाकली की पावती मिळते.