जठराची जुनी सूज आणि कॅन्सरची भीती

प्रश्न : वय ४८. दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. बायोप्सीत ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह, इंटेस्टाइनल मेटाप्लेसिया’ असं आलंय. ॲसिडिटीच्या गोळीनं बरं वाटतं. हा कॅन्सर आहे का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही, हा कॅन्सर नाही. पण गोळीनं बरं वाटतंय म्हणून विषय सोडू नका. एच. पायलोरी हे जठरात राहणारे जंतू. ते वर्षानुवर्षं तिथे राहिले की अस्तर झिजतं, त्याजागी आतड्यासारख्या पेशी येतात. तुमच्या रिपोर्टमधलं ‘इंटेस्टाइनल मेटाप्लेसिया’ म्हणजे तेच. पुढे काहींच्या, सगळ्यांच्या नव्हे, पेशी बिघडतात आणि मग कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच या जंतूला कॅन्सरकारक ठरवलं.

उपचार बहुधा १४ दिवसांचा असतो : दोन-तीन औषधं आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी लोक औषध सोडतात. तिथेच घात होतो. उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी २ आठवडे ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. रक्ततपासणी इथे कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती पॉझिटिव्ह राहते.

बदल जठरभर पसरलेले असतील तर दर ३ वर्षांनी दुर्बीण लागते. तंबाखू, मिश्री बंद. खारवलेली मासळी, लोणचं कमी. वजन घटलं, शौचाला काळी झाली, घास अडकू लागला तर लगेच दाखवा.