माझ्या स्वतःच्या उबंटू सर्व्हरवर, अपाचे या वेब-सर्व्हरखाली ग्रॅव्ह (डेटाबेसशिवाय साइट चालवणारी प्रणाली) टाकल्यावर होमपेज दिसतं, बाकी पानं ४०४ ('पान सापडलं नाही') देतात आणि कॅशेत (तात्पुरत्या प्रतींच्या फोल्डरात) लिहिता येत नाही म्हणतंय. मित्र म्हणतो सगळ्याला ७७७ (कुणालाही वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी) दे. देऊ का?

नाही. मित्राने सांगितलं असेल तरी नको, आणि मित्र पुण्यात आयटीत असेल तर मुळीच नको.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि तुम्ही दोन्हींना एकच औषध शोधताय. ४०४ चा परवानग्यांशी काही संबंध नाही. उबंटू आणि अपाचे आहे म्हणता, तर पत्ते वळवणारं रीराइट मॉड्यूल चालू आहे का बघा. उबंटूच्या अपाचेत वेबच्या फोल्डरला 'अलाउओव्हरराइड नन' असतं, म्हणजे फोल्डरातल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलीतले नियम तो वाचत नाही, ते तुमच्या साइटपुरतं 'ऑल' करा आणि अपाचे रीस्टार्ट करा. तरी ४०४ आलं तर डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल जागेवर आहे का तपासा. झिप एकीकडे सोडवायची आणि चांदणी (*) टाकून सगळं दुसरीकडे हलवायचं, या सवयीत टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली मागेच राहतात. होमपेज तेवढं दिसतं, कारण तिथे इंडेक्स फाइल सरळ सापडते. बाकी पानांच्या नावाची फाइलच नसते, ती वाट डॉट-एचटीअ‍ॅक्सेस दाखवते.

आता कॅशे. हा मात्र परवानग्यांचाच विषय, आणि इथे मला आमचे दाजी आठवतात.

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेची साइट मी बघतो. माझं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चेअरमन गावाकडचे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. साइटवर असतं काय? दुधाचं दरपत्रक, फॅट आणि एसएनएफप्रमाणे (फॅट सोडून दुधातले घनपदार्थ), वार्षिक सभेची नोटीस, पशुखाद्य आलं की त्याची सूचना. एवढ्यासाठी पूर्वी कुणीतरी वर्डप्रेस टाकलेलं. १ जीबीच्या सर्व्हरवर मारियाडीबी डेटाबेस, प्लगिनांची गर्दी, आणि मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) पहिला बळी डेटाबेसचाच घ्यायचा. त्यावरच्या सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, सर्व्हर बदलणं भागच होतं. मी अल्मालिनक्स ९ घेतलं, वेब-सर्व्हर म्हणून एनजिनएक्स घेतलं आणि ग्रॅव्ह टाकायचं ठरवलं. डेटाबेस नाही, प्रत्येक पान म्हणजे फोल्डरमधली एक मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल. बॅकअप म्हणजे 'यूजर' फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणं.

दसऱ्याला ताई-दाजी आले होते. जेवणं उरकली, मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेलो. स्क्रीनवर तुम्हाला येते तीच एरर. दाजी मागे येऊन उभे राहिले.

"अरे, सेव्हन सेव्हन सेव्हन मार आणि मोकळा हो."

मी म्हटलं, दाजी, आधी मालक कोण आहे ते बघू. फोल्डर एनजिनएक्सच्या नावावर केलेत, तरी लिहिता येत नाही, म्हणजे पीएचपी (ग्रॅव्ह ज्या भाषेत लिहिलंय ती) दुसऱ्याच नावाने चालत असणार. पण दाजींनी खुर्ची ओढली होती. सणाच्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याला 'तुम्हाला कळत नाही' असं कोण म्हणणार? आई आतून बघत होती. मी लॅपटॉप सरकवला.

७७७ मारलं. एरर तशीच. दाजी म्हणाले, मग एसईलिनक्स (परवानग्यांवरचा लिनक्सचा आणखी एक पहारा) आडवं येतंय, ते बंद कर. सेटएन्फोर्स शून्य, म्हणजे पहारा तात्पुरता सैल. साइट चालली. "झालं की! पाच मिनिटांचं काम." ताई कौतुकाने बघायला लागली. मी काही बोललो नाही.

पुढे सर्व्हर कर्नल अपडेटसाठी रीबूट झाला. सेटएन्फोर्स शून्य फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकतं, त्यामुळे एसईलिनक्स पुन्हा जागेवर. सकाळी दूध संकलनाच्या वेळेला सेक्रेटरींचा फोन. "काय ओ, नवा दर टाकलाय न्हवं? हितं जुनाच दिसतोय की. लोकं भांडायला लागल्यात." कॅनच्या रांगेत उभ्या माणसाला एसईलिनक्स काय समजावणार?

त्या दिवशी मी माझ्या पद्धतीने बसलो. अल्मावर एनजिनएक्स वापरलं तरी पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) मुळात 'अपाचे' नावाच्या यूजरखाली चालतं. ते नाव त्याच्या पूल फाइलीत स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचलं तर. मालकी त्या यूजरला दिली. फोल्डर ७५५, फाइली ६४४, म्हणजे लिहायचं फक्त मालकाने. मग ऑडिट लॉगमध्ये 'एव्हीसी डिनाइड' च्या, म्हणजे एसईलिनक्सने नाकारल्याच्या, ओळी शोधल्या. त्यात प्रोग्रामचं नाव, फाइल, लेबल, सगळं सांगितलेलं असतं. वेबच्या फोल्डरला जे लेबल मिळतं त्यात पीएचपीला वाचायची मुभा असते, लिहायची नसते. जिथे लिहायचं त्या फोल्डरांना सेमॅनेज कमांडने लिहिण्याचं लेबल ठरवून दिलं, रिस्टोअरकॉनने ते लागू केलं. एसईलिनक्स चालूच ठेवलं. त्यानंतर किती रीबूट झाले, सेक्रेटरींना पत्ताही नाही.

म्हणजे नुसत्या ७७७ ने त्या दिवशी काम झालं नव्हतं. एसईलिनक्सचा अडथळा बाकीच होता, आणि दाजींनी जाताना संस्थेच्या ऑफिसचं कुलूप काढून किल्ली दारालाच अडकवून ठेवली होती. आजही ताई म्हणते, "यांनी पाच मिनिटांत केलं होतं बघ."

तुमच्या उबंटूवर एसईलिनक्सचा त्रास सहसा नाही, आणि अपाचे असो की पीएचपी-एफपीएम, यूजर बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. पीएस ही कमांड लावून खात्री करा आणि मालकी त्याला द्या. आणि ग्रॅव्हच्या कमांड रूट (सर्व अधिकार असलेला यूजर) म्हणून चालवू नका. सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, कॅशे साफ केली की नव्या फाइली रूटच्या नावावर होतात आणि तुम्ही पुन्हा इथेच प्रश्न विचारायला येता.

एक राहिलं, आणि हे ४०४ पेक्षा महत्त्वाचं आहे. उद्या कुणाचं ऐकून एनजिनएक्सवर गेलात तर ते डॉट-एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. ग्रॅव्हबरोबर एनजिनएक्सची नमुना फाइल येते, त्यातले मनाईचे नियम उचलायचेच. मग ब्राउझरमध्ये तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे यूजर, अकाउंट्स आणि तुमच्या अ‍ॅडमिनची यॅमल फाइल टाकून बघा. नकार आला पाहिजे. पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) त्या फाइलीत असतो. डेटाबेस नाही याचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत.

आणि सगळं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर केलं म्हणजे फार सुरक्षित झालं असंही नाही. पीएचपीत भोक सापडलं तर ग्रॅव्हच्याच फाइली बदलता येतात. मालक तुम्ही, ग्रुप त्याचा, आणि लिहायची मुभा फक्त कॅशे, लॉग्ज, इमेजेस, असेट्स, टेम्प, बॅकअप आणि 'यूजर' मधल्या लागेल तेवढ्याला, ही जास्त चांगली मांडणी. मग ब्राउझरमधून अपडेट होणार नाहीत, कमांडवरून करायचे. मला ते चालतं. सभासदांचं लॉगिन, हजारो पानं असलं काही असेल तर ग्रॅव्ह नकोच, डेटाबेसवालं काहीतरी घ्या.

दाजींच्या बाजूने एकच सांगतो. जुन्या शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी 'नोबडी' सारख्या यूजरखाली चालायचं आणि मालकी बदलायचा अधिकार आपल्याला नसायचा, तेव्हा ७७७ शिवाय खरंच इलाज नव्हता. त्यांचं ७७७ तिथलं आहे. आता बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच यूजरखाली चालतं, तिथेही ७५५ आणि ६४४ पुरतं. तुमचा तर स्वतःचा सर्व्हर आहे, रूट तुमच्या हातात आहे, तुम्हाला ती सबबही नाही.

हे सगळं करूनही ४०४ राहिलं तर अपाचेची एरर लॉग उघडा. मित्राला विचारू नका.